तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन कुत्र्याला खायला काय घालू?

घरी फॉस्टरची, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला घेतलेली, पिल्लं येऊन-जाऊन असतात त्यामुळे कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, ताई आम्ही कुत्रं अडॉप्ट केलंय, कुठलं फूड आणू? मी ब्रँड सांगत नाही म्हणून काही जण थोडे हिरमुसतात. मी उलट विचारते, कालपर्यंत ते काय खात होतं?

कारण पहिला आठवडा तेच घालायचं. शेल्टरमध्ये चिकन-भात मिळत होता तर चिकन-भात, फॉस्टरकडे एखादं ड्राय फूड चालू होतं तर तेच, भले ते तुम्हाला आवडो न आवडो. घर नवीन, माणसं नवीन, लिफ्टचा आवाज आला तरी दचकतंय, त्यात पोटालाही नवीन काम लावलं की जुलाब ठरलेले. मग तीन भाग जुनं आणि एक भाग नवीन, दोन-तीन दिवस शी बघायची, बांधीव असली तर निम्मं-निम्मं, असं करत सात ते दहा दिवसांत पूर्ण नवीन. शी बघायची म्हणजे खरंच बघायची, उचलल्यावर फरशीवर डाग राहिला तर पुढे जायची घाई करू नका.

मोठं कुत्रं पहिल्या दिवशी जेवलंच नाही तर लगेच चिकन, मग पनीर, मग हातात धरून अंडं असं करू नका, ते घाबरलेलं असतं, वाटी ठेवायची, पंधरा-वीस मिनिटांनी उचलायची, पुढच्या वेळेला परत. पण लहान पिल्लू खात नाहीये आणि उलट्या किंवा रक्ताचे जुलाब होतायत तर फोटो मला पाठवत बसू नका, सरळ व्हेट म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर गाठा, पार्व्हो हा पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूचा आजार असू शकतो आणि तिथे तास मोजायचे असतात. मोठं कुत्रं मलूल आहे, ताप आहे, अंगावर गोचीड सापडली, तर टिक फीव्हरची, म्हणजे गोचिडीमुळे होणाऱ्या तापाची, ब्लड टेस्ट. फूड बदलून यातलं काहीच बरं होत नाही.

आता दूध. आपल्याकडे कुत्रं म्हटलं की दूध-पोळी नाहीतर दुधात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्किट, पण आईचं दूध सुटलं की बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. दही त्यामानाने सोसतं. भाकरी-भाताला मात्र उगाच नावं ठेवू नका, कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य कशाला, असं सांगणारे भेटतात, पण २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलंय की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढलीत त्यांनी!

घरचं अन्न फसतं ते कॅल्शियममध्ये. अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू, घरचे प्रेमाने रोज बोनलेस चिकन आणि भात घालतायत, पिल्लू चाटूनपुसून खातंय, आणि महिन्या-दीड महिन्यात पुढचे पंजे बदकासारखे बाहेर फाकतात, मनगटाजवळ पाय वाकतो, उचललं की केकाटतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नावाला, मग शरीर ते हाडातून ओढून घेतं. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड चालते, चमचाभर पुडीत साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, पण किती घालायची ते वजन बघून व्हेटला ठरवू द्या, लॅब्राडॉरसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियमही बाधतं. म्हणून सहसा मी म्हणते, निदान वाढीच्या वयात पिल्लांचं तयार फूड ठेवा आणि घरचं थोडं वर घाला. चिकनवाला कुत्र्यासाठी म्हणून पाय, माना, कातडी पिशवीत भरून देतो, ते शिजवलंत तर हाडं काढूनच घाला, शिजलेलं हाड कुसळासारखं फुटतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, म्हणजे आपला रस्सासुद्धा नाही.

शाकाहारी घरातून तर हा प्रश्न जास्तच येतो, आमच्याकडे अंडंही चालत नाही, मग? मांजराचं मांसाशिवाय भागत नाही, कुत्र्याचं भागू शकतं, पण नुसत्या वरणभात-तुपावर नाही. पूर्ण आहार असलेलं व्हेज डॉग फूड घ्या किंवा व्हेटकडून नीट रेसिपी लिहून घ्या.

पाकिटावर पुढचा फोटो सोडून मागे बघा, 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलंय का आणि कुठल्या वयासाठी. 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर ते खाऊ आहे, जेवण नाही. किती घालायचं? १५ किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या इंडीला (आपल्या देशी कुत्र्याला) दिवसाला साधारण ८५० कॅलरी, म्हणजे १०० ग्रॅमला ३५० कॅलरीवालं ड्राय फूड असेल तर २४० ग्रॅमच्या आसपास, दोन वेळात विभागून आणि ट्रीट त्यातच धरून. अगदी लहान पिल्लाला तीन-चार वेळा. मग हात फिरवून बघत राहा, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत पण लांबून मोजता येऊ नयेत. खाऊनही पोट फुगलेलं आणि बरगड्या वर असतील तर आधी जंताचं औषध झालंय का बघा.

आणि दुकानात पारदर्शक पिशवीत सुटं मिळणारं ड्राय फूड स्वस्त पडतं पण त्यावर एक्स्पायरी डेट नसते, बॅच नंबर नसतो, पोतं कधी फोडलंय कुणाला माहीत, पावसाळ्यात तर नकोच. बंद पाकीट घ्या, महिन्याभरात संपेल एवढंच, आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.