हिवाळ्यात स्पिती, स्वतःच्या गाडीने: मलिंग नाल्यापुरतं बोलू

"रस्ता खुला आहे, बर्फ काढलाय, तुमची तर फोर बाय फोर आहे, आरामात जाल." हिमाचलातल्या रेकाँग पिओपासून नाकोपर्यंत ज्याला विचारलं त्याने हेच ऐकवलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण नाको ते चांगो या पट्ट्यावर त्यातली एकही कामाला आली नाही. खांदे अजून दुखतायत, त्यामुळे पुढचं थोडं चिडून लिहिलेलं वाटलं तर चालवून घ्या.

हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, म्हणून मनालीकडून काझाला जाता येत नाही. शिमला, रामपूर, पिओ, पूह, खाब, नाको, सुमदो, टाबो, काझा हा एकच मार्ग उरतो. शिमला ते खाब यावर लिहिण्यासारखं काही नाही. नारकंड्याला सकाळी लवकर सावलीतली वळणं जपून घ्या, पोवारीला टाकी काठोकाठ भरा, बाकी रस्ता कोरडा होता आणि सुंदर होता. फोटो भरपूर मिळतील, ते इतरत्र बघा.

आता मलिंग नाला, नाको आणि चांगोच्या मधला. हा उतार दरड कोसळण्यासाठी बदनाम आहे हे सगळे सांगतात, दुपारी वरून दगड येतात हेही सांगतात. हिवाळ्यात तिथे काय होतं ते कुणी सांगत नाही. वरून झिरपणारं पाणी दिवसा रस्त्यावर पसरतं, रात्री गोठतं, दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी पाणी येतं. असे थरावर थर चढून बर्फ डोंगराच्या बाजूला जाड आणि दरीच्या बाजूला पातळ होतो. म्हणजे रस्त्याला दरीकडे कलणारा उतार मिळतो, तोही काचेचा. डोझर फिरतो तेव्हा वरचा भुसभुशीत बर्फ निघून जातो आणि खालचा दाबलेला थर घासून गुळगुळीत होतो. "बर्फ काढलाय" असं ऐकलं की माझ्या पोटात आता गोळा येतो. चार बोटं ताजा बर्फ असलेला रस्ता त्यापेक्षा शंभर पटीने बरा.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा ऊन होतं आणि "ऊन आहे तोवर काढून घ्या" असा सल्ला मिळाला होता. दगड आणि बर्फ, दोन्हींचा विचार केला तर हा सल्ला उफराटा आहे. बर्फ शून्याच्या आसपास असतो तेव्हा त्यावर पाण्याचा बारीक थर धरतो आणि तेव्हाच तो सगळ्यात निसरडा असतो. उणे पंधरा-वीसला तोच बर्फ टायरला बरीच पकड देतो. पुढे काझाजवळच्या लांगझा आणि कोमिकच्या चढांवर हे अनुभवलं. हाडं गोठवणारी थंडी, पांढराधोप रस्ता, आणि गाडी निमूटपणे चढत होती. त्यामुळे मलिंग सकाळी करा, उजाडल्यानंतर पण ऊन रस्त्यावर येण्याआधी. संध्याकाळी मुळीच नको. दिवसभर वितळलेलं पाणी तेव्हा पुन्हा गोठत असतं, आणि अंधारात ते ओल्या डांबरासारखं दिसतं.

फोर बाय फोरचा गैरसमज एकदाचा काढून टाकू. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी जागची हलते, चढ चढते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच, त्यात फोर बाय फोरने काही भर पडत नाही. उलट गाडी जड, म्हणून आपण निघतो रुबाबात आणि थांबायची वेळ आली की घसरत जातो. नाकोहून चांगोकडे जाताना हा पट्टा उतरायचा असतो, म्हणजे फोर बाय फोरची जी बाजू लंगडी तीच आधी पुढ्यात येते. उतारावर तिचा खरा उपयोग एकच: चारही चाकं इंजिनाला जोडलेली असल्याने इंजिन ब्रेकिंग (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला मागे धरतं ते) चौघांत वाटलं जातं. फोर लो (फोर बाय फोरची कमी वेगाची, जास्त ओढीची जोडणी), दुसरा गियर, ब्रेकवरून पाय काढा आणि मुख्य म्हणजे क्लचवरूनही काढा. घाबरून क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते. इंजिन ब्रेकिंगनेच चाकं घसरू लागली (पहिल्या गियरला हे होतं), तर अगदी हलका ॲक्सिलरेटर द्या, चाकं पुन्हा फिरू लागतात आणि स्टिअरिंग ऐकू लागतं. हे वाचायला सोपं आहे. दरीकडे सरकत असताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला मन तयार होत नाही, म्हणून आधी एखाद्या मोकळ्या सपाट जागी करून बघा.

बर्फावर गाडी घालण्यापूर्वी उतरून चालत जा. बूट घसरतोय तिथे टायरही घसरणार. बरोबरच्यांना उतरवा आणि डोंगराच्या बाजूने चालायला लावा. कडेची माती, खडी चाकांच्या रेषेत पसरा. फावडं याच कामासाठी न्यायचं. गाडी डोंगराला चिकटवून ठेवा, आतल्या गटारात चाक गेलं तरी जाऊ दे, गटारातून गाडी निघते. पुढची गाडी पूर्ण पार होईपर्यंत मागून कुणीही निघायचं नाही. आमच्या मागे एकाने घाई केली आणि तो आडवा होऊन थांबला. दरीपासून किती लांब ते लिहीत नाही. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम इथेही आहेच, पण उतरणारा थांबूच शकत नसेल तर नियमाचं काय करणार? समोरून कुणी येत नाही हे पलीकडे माणूस पाठवून बघा, मगच निघा.

बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या. "फोर बाय फोरला लागत नाहीत" असं म्हणणाऱ्याला त्याची गाडी काढून मलिंगवर यायला सांगा. चारही चाकांना हव्यात. एकच जोडी मागे लावली तर उतारावर स्टिअरिंग ऐकत नाही, पुढे लावली तर मागचा भाग पुढे यायला बघतो. वाटेत एका दुकानदाराने विकतच्या निम्म्या किमतीइतकं भाडं एका दिवसासाठी मागितलं, आणि वर दिलेल्या साखळ्या एक नंबर मोठ्या निघाल्या. ढिली साखळी चाकाच्या कमानीत आपटून ब्रेकची नळी तोडू शकते. तेव्हा घरूनच टायरचा आकार बघून विकत घ्या, अंगणात हातमोजे घालून चढवायचा सराव करा, आणि बर्फ सुरू होण्याआधी सपाट जागी चढवा. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळा. कोरड्या डांबरावर आलं की काढा. कंटाळवाणं आहे, पण करायचं. पार्ट-टाइम (हवी तेव्हाच जोडायची) फोर बाय फोरचंही तसंच: कोरड्या रस्त्यावर टू व्हील ड्राइव्हला परत या, नाहीतर वळणावर गाडी अडखळते आणि गियरबॉक्सवर ताण येतो.

टायर: दांडगे मड टायर दिसायला छान, बर्फावर निरुपयोगी. थंडीत रबर मऊ राहणं आणि त्यावर मुद्दाम पाडलेल्या बारीक चिरा असणं महत्त्वाचं. तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेले टायर मिळाले तर तेच घ्या. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेल्यावर विसंबू नका.

काझातल्या रात्रींबद्दल थोडक्यात. हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून चिकटतो. गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. वायपर उभे करा. कूलंटमध्ये साधं पाणी असेल तर निघण्याआधीच बदला. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी हे मिश्रण उणे पस्तीसच्या आसपास टिकतं. पेट्रोल गाडी असेल तर पुढचं वाक्य सोडा. साधं डिझेल थंडीत मेणासारखं दाटतं, इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहतं, तेव्हा मिळेल तिथे तेच भरा आणि नेहमीचं डिझेल टाकीत कमीत कमी उरेल असं बघा. सकाळी टाकीखाली जाळ करून बसलेले लोक दिसतील. त्यांच्याकडून हे शिकू नका.

काझाजवळची की, किब्बर, हिक्कीम ही गावं: छान, सोपं, जा.

परतीला मलिंग चढायचा असतो आणि तिथे फोर बाय फोर खरंच पैसे वसूल करते. फोर हाय (फोर बाय फोरचीच नेहमीच्या वेगाची जोडणी), दुसरा गियर, एकसारखा वेग, मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर पुन्हा निघताना चाकं जागच्या जागी फिरून बर्फ आणखी गुळगुळीत करतात. त्यापेक्षा रिव्हर्समध्ये हळूहळू खाली येऊन पुन्हा सुरुवात करा. वर पोचल्यावर मी काचा खाली करून ओरडलो, ते सोडा. काझाहून उशिरा निघालात आणि चांगोला पोचेपर्यंत दुपार झाली, तर कुणी कितीही "निघून जाल" म्हणालं तरी तिथेच मुक्काम करा.