नागपूरची सहा अक्षरे

आमच्या प्रतापनगरातील वसाहतीच्या गणेशोत्सवात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक शब्दस्पर्धा घ्यावी आणि तिचे प्रश्न व उत्तरांची यादी मी तयार करावी, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. स्पर्धेचे स्वरूप साधे होते. आपल्या भागातील एखाद्या गावाचे नाव इंग्रजीत लिहायचे आणि त्यातील सर्व अक्षरे ज्यात आहेत असे इंग्रजी शब्द शोधायचे. अक्षरांचा क्रम कसाही चालेल आणि सोबत इतर अक्षरे आली तरी हरकत नाही. मुलांनी दोन-चार शब्द काढले तरी पुरे होते. परीक्षकाजवळ मात्र शक्य तितकी पूर्ण यादी हवी होती, कारण एखाद्याचे बरोबर उत्तर केवळ आपल्या यादीत नाही म्हणून कापले गेले, तर त्याचे आईवडील मांडवातच जाब विचारतात.

छापील शब्दकोश या कामात फारसा उपयोगी पडत नाही. तो पहिल्या अक्षरापासून लावलेला असतो; शब्दाच्या पोटात कुठेतरी ‘पी’ आहे आणि कुठेतरी ‘जी’ आहे, एवढ्या माहितीवर त्यात काही सापडणे कठीण. म्हणून पहिला शोध मी कागद-पेन्सिल घेऊनच केला. नागपूरच्या स्पेलिंगमधील सहा अक्षरांपैकी सुरुवात कोणत्या अक्षराने करावी, याचे उत्तर स्क्रॅबल या अक्षरांच्या सोंगट्या जुळवून इंग्रजी शब्द करण्याच्या खेळाच्या खोक्यात मिळाले. हा खेळ रचणारे अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून सोंगट्यांची वाटणी ठरवली होती. इंग्रजी संचातील 100 सोंगट्यांत ‘ए’ 9, ‘एन’ व ‘आर’ प्रत्येकी 6, ‘यू’ 4, ‘जी’ 3 आणि ‘पी’ केवळ 2 आहेत. म्हणजे आधी ‘पी’ आणि ‘जी’ यांची सोय लावावी; ‘ए’ आणि ‘आर’ यांची काळजी करू नये, ते बहुधा आपल्या पायांनी चालत येतात.

यातून दोन वाटा निघाल्या. ‘आयएनजी’ हा प्रत्यय लावला की ‘एन’ आणि ‘जी’ एकदम मिळतात, त्यामुळे ‘ए’, ‘पी’, ‘यू’, ‘आर’ असलेले क्रियापद तेवढे शोधायचे उरते. कॅप्चरिंग, पर्चेसिंग, अपग्रेडिंग, पर्स्वेडिंग, पॅराशूटिंग हे शब्द असे भराभर हाती आले. दुसरी वाट ‘ग्राउंड’ या शब्दाची. त्यात ‘जी’, ‘आर’, ‘यू’, ‘एन’ ही चार अक्षरे आयतीच आहेत, म्हणून त्याच्या आधी ‘पी’ आणि ‘ए’ असलेला एखादा शब्द लागला की झाले : प्लेग्राउंड आणि कँपग्राउंड. या दोन्ही वाटांवर नसलेला रिपग्नंट हा शब्द नंतर सापडला. त्याचा अर्थ किळसवाणा असा असल्यामुळे नागपूरच्या उत्तरांत तो माइकवरून वाचून दाखवण्याची मला हौस नव्हती, परंतु नियमात बसतो म्हणून यादीत ठेवला.

डोक्याने काढलेली यादी पूर्ण आहे याची खात्री मात्र डोके देऊ शकत नाही. त्यासाठी एका ओळीत एक शब्द अशी लाखाहून अधिक इंग्रजी शब्दांची एक मोफत यादी मी उतरवून घेतली आणि एक्सेलच्या पहिल्या रकान्यात भरली. 2007 च्या आवृत्तीपासून एका पानावर दहा लाखांहून अधिक ओळी मावतात, त्यामुळे जागेचा प्रश्न आला नाही. नेहमीच्या फिल्टरमध्ये मात्र एका रकान्यावर ‘यात हे अक्षर आहे’ अशा दोनच अटी घालता येतात आणि मला सहा हव्या होत्या. येथे सर्च आणि काउंट ही दोन फंक्शने एकत्र वापरावी लागली. सर्चला महिरपी कंसात सहाही अक्षरे दिली की जे अक्षर सापडते त्याच्या जागेचा आकडा ते देते आणि जे सापडत नाही त्याच्यासाठी चूक दाखवते. काउंट केवळ आकडे मोजते. म्हणून उत्तर 6 आले तर शब्द पात्र, अन्यथा बाद. अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याने हेच काम लिनक्सवर ग्रेप ही दिलेले अक्षर असलेल्या ओळी शोधून काढणारी आज्ञा सहा वेळा एकापुढे एक जोडून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करून दाखवले आणि ‘मामा, हे 1973 सालचं हत्यार आहे,’ अशी पुस्तीही जोडली.

वर्ध्याने मात्र दोघांचीही पद्धत अडवली. वर्ध्याच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ दोनदा येतो आणि आमच्या चाळणीला एखादे अक्षर आहे की नाही एवढेच कळत होते, किती वेळा आहे ते कळत नव्हते. परिणामी एकच ‘ए’ असलेला नॉर्थवर्ड हा शब्दही निमूटपणे पात्र ठरत होता. त्यावर उपाय असा की, शब्दाची मूळ लांबी आणि त्यातले सगळे ‘ए’ काढून टाकल्यानंतरची लांबी यांची वजाबाकी करायची आणि ती दोन किंवा अधिक असेल तरच शब्द ठेवायचा. ही अट जोडल्यावर नॉर्थवर्ड गळाला आणि हार्डवेअर टिकला.

रामटेकने सर्वांत जास्त आनंद दिला, कारण त्याची सहा अक्षरे केवळ फिरवली की मार्केट हा शब्द तयार होतो, एकही अक्षर कमी नाही की जास्त नाही. कामठीचे जुने इंग्रजी स्पेलिंग (Kamptee) घेतले तर त्यात ‘ई’ दोनदा येतो. मार्केटप्लेसमध्येही तो दोनदा आहे, त्यामुळे हा एकच शब्द रामटेक आणि कामठी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ठरतो.

प्रत्यक्ष स्पर्धेत उमरेडसाठी बहुतेक मुलांनी मर्डर हाच शब्द लिहिला, ड्रमर थोड्यांना सुचला, तर उमरेडचीच पाच अक्षरे फिरवून होणारा डिमर (demur, म्हणजे हरकत घेणे) कोणालाच सुचला नाही. नागपूरच्या प्रश्नाला एका मुलाने ‘पार्किंग ग्राउंड’ असे उत्तर लिहिले होते. सहाही अक्षरे त्यात होती, परंतु शब्द दोन होते आणि एकच शब्द हवा असे प्रश्नपत्रिकेत कोठेही म्हटलेले नव्हते. बरीच चर्चा होऊन त्याला अर्धा गुण देण्यात आला आणि पुढील वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत ‘मोकळी जागा किंवा जोडरेघ नसलेला एकच शब्द’ अशी ओळ घालण्याचे मंडळाने मान्य केले.