आवाज ओळखीचा, पण बाई कोण?

परवा रात्री झोप येईना म्हणून इअरफोन घालून पडले होते, तर पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं 'द ग्रेट गिग इन द स्काय' लागलं. कॉलेजपासून ऐकतेय मी हे. त्यात एक बाई गाते, म्हणजे शब्द नाहीतच, नुसत्या हाका, आक्रोश, मग हळूहळू उतरत उतरत पार कुजबुजीपर्यंत येते आणि दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. आणि इतक्या वर्षांत परवा पहिल्यांदा डोक्यात आलं, अरे पण ही बाई कोण?

बाईचं नाव क्लेअर टोरी. १९७३ च्या जानेवारीत तिला स्टुडिओत बोलावलं, ना शब्द दिले ना चाल, गा म्हणाले काहीतरी. तिने आपलं 'ऊ बेबी' वगैरे सुरू केलं तर तेही नको! मग तिने ठरवलं की आपण गायिका नाहीच, एक वाद्य आहोत असं समजून सुटायचं. आणि सुटली. दोन-तीन टेकमध्ये काम आटोपलं, बाहेर आली ती ओशाळून, फारच ओरडले का म्हणून सॉरी म्हणत. पैसे मिळाले ३० पाउंड, तेसुद्धा रविवार म्हणून डबल रेटने. आपला आवाज अल्बममध्ये ठेवलाय हे तिला कळलं दुकानात कव्हरवर नाव दिसल्यावर. म्हणजे गायिका म्हणून नाव होतं हो, पण ते गाणं जागेवर रचलं कुणी? तिनेच ना? त्याचं श्रेय मागायला तिला २००४ मध्ये कोर्टात जावं लागलं आणि २००५ मध्ये तडजोड होऊन ते मिळालं. बत्तीस वर्षं.

तेव्हापासून मला नादच लागलाय. ॲप जे सुचवतं ते कायम मी आधी ऐकलेल्याचं चुलत भावंड असतं, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. मी आपलं जुनंच गाणं घेते आणि त्यातला मागचा आवाज पकडून बसते. रोलिंग स्टोन्स या बँडच्या 'गिमी शेल्टर'मध्ये १९६९ साली गायलेली मेरी क्लेटन अशीच सापडली. तिला रात्री उशिरा फोन करून बोलावलं होतं, दिवस गेलेले, केसांत कर्लर तसेच. वरचा सूर लावताना एका ठिकाणी तिचा आवाज चक्क फाटतो, आणि नीट कान दिला तर मागे बँडचा गायक मिक जॅगर खूश होऊन ओरडलेला ऐकू येतो. मी ते तीनदा मागे घेऊन ऐकलं. आपल्याकडे अशा ठिकाणी 'पुन्हा एक टेक घेऊ' म्हणाले असते बहुतेक.

बरं, 'कमी प्रसिद्ध' म्हणजे तरी काय, मला माहीत नसलेली एवढंच. आफ्रिकेतल्या माली देशाची गायिका उमू सांगारे मी 'शोधली' असं मैत्रिणीला ऐटीत सांगत होते, नंतर वाचलं तर बाई १९९० च्या आसपास पहिल्या अल्बमपासूनच तिकडे स्टार, बहुपत्नीत्वाविरुद्ध गाणी म्हणून लोकांना अस्वस्थ करणारी. मी कसली शोधतेय, मला उशिरा कळलं झालं.

अमेरिकेच्या सिस्टर रोझेटा थार्पचं मात्र खरंच वाईट वाटलं. गॉस्पेल गायची, देवाची गाणी, पण गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, आणि ती अशी वाजवायची की पुढे ज्याला रॉक अँड रोल म्हणायला लागले ते इथूनच निघालं असं वाटावं. १९६४ चं मँचेस्टरमधलं तिचं एक रेकॉर्डिंग आहे, बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवरचं. पाऊस पडून गेलेला, प्रेक्षक समोरच्या प्लॅटफॉर्मवर, ही कोट घालून गिटार अडकवते आणि गाणं धरते तेसुद्धा पावसाचंच. गेली १९७३ मध्ये. कबरीवर नावाचा दगड बसला तो पार पस्तीसेक वर्षांनी.

नाव न लावायची खोड आपल्याकडेही होतीच म्हणा. 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर १९४९ मध्ये गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! आणि गायिका कोण, तर लता.

याच्या बरोबर उलटी जुन्या जमान्यातली गायिका गौहर जान. १९०२ मध्ये कलकत्त्यात रेकॉर्डिंग झालं, पण तबकड्या बनायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या लोकांना लेबलवर नाव कुणाचं घालायचं ते कळावं म्हणून गाणं संपलं की स्वतःच नाव सांगायची. आता झोपताना तेच लावते. खरखर खूप आहे, शब्द अर्धे कळत नाहीत, तीनेक मिनिटांत सगळं आटोपतं, आणि मग एकदम ठसक्यात, 'माय नेम इज गौहर जान!' तेवढं ऐकल्याशिवाय मी इअरफोन काढत नाही.