म्हापसा एकदाच लिहा

खोल्या भाड्याने देणाऱ्यांची एक्सेल शीट उघडा: एकाच पाहुण्याचा पत्ता पाच ओळींत, कुठे ‘म्हापसा’, कुठे ‘मापुसा’. शोधायला गेलं की निम्म्या नोंदी गायब! संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याच्या पद्धतीत, गावांचं टेबल वेगळं. म्हापशाला क्रमांक ३, पाहुण्याच्या ओळीत फक्त तो ३. हीच फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा क्रमांक. गावांच्या टेबलात नसलेला ९ टाकलात तर डेटाबेस नोंदच घेत नाही. कटकट वाटते खरी, पण हवीच.

खरी परीक्षा डिसेंबरात. दोघांनी एकाच क्षणी खोली २ मागितली, तर आधी ‘रिकामी आहे का’ तपासून भागत नाही. दोघांनाही ती रिकामीच दिसते. बुकिंगच्या टेबलात दर रात्रीला एक ओळ ठेवा आणि खोली-तारीख या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम, लावा. दुसरी नोंद तिथेच अडते.