गोळी घेतली का? नाही

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं, उंच्या, आहार, सगळं 2021 पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरते. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमचा त्रास आता मोबाईलवर कळवत जा," तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. अवघड गेलं ते खरं सांगणं.

मला रुमॅटॉईड आर्थ्रायटिस आहे. गावात सगळ्याला वातच म्हणतात, आणि वात म्हातारपणी होतो असंच लोकांना वाटतं. मला तो एकेचाळिसाव्या वर्षी झाला. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. माझ्या बोटांची मुळं आणि मधली पेरं सुजतात, नखाजवळची पेरं मात्र शाबूत. सकाळी उठलं की मूठ वळत नाही, चहाच्या पातेल्याला सांडशी लावता येत नाही. दीड तासानं हात हळूहळू सुटतात. दहा वाजता अंगणवाडीत मला बघणाऱ्याला हिला काही झालंय असं वाटतसुद्धा नाही.

दवाखान्यातही तसंच व्हायचं. तीन महिन्यांतून एकदा पहाटे उठून सेलूहून रेल्वे, मग नंबर लागेपर्यंत दुपार. तोवर हात मोकळे झालेले. मॅडमनी विचारलं की मी म्हणायचे, "बरंय." सगळे तीन महिने त्या एका शब्दात जायचे. नव्वदातले चाळीस दिवस मी सकाळी रडत उठले होते, हे आठवायचंच नाही, किंवा आठवलं तरी बाहेर गर्दी बघून जीभ रेटायची नाही.

ॲपमधले प्रश्न इंग्रजीत होते. पहिले दोन आठवडे अकरावीतल्या पुतण्यानं भरले. तो विचारायचा, "काकू, किती दुखायलंय, दहापैकी?" घरात सासूबाई बसलेल्या, आमचे हे जेवायला बसलेले. मी म्हणायचे, "टाक दोन-तीन." तेव्हा कळलं की हे आपलं आपणच भरलं पाहिजे. दवाखान्यातल्या ताईंनी फोनवरून एकेक प्रश्न मराठीत सांगितला, मी वहीत उतरवून घेतला, आणि ती वही शेजारी ठेवून भरू लागले.

एकूण गुण 30 पैकी. दहा कामांचे, दहा दुखण्याचे, दहा एकंदर कसं वाटतंय त्याचे. 12 च्या वर गेलं की आजार जोरात, 3 किंवा त्याखाली आलं की जवळजवळ शांत. कामांत असं विचारतात: शर्टाची बटणं लावता येतात का, भरलेला कप तोंडाशी नेता येतो का, नळ फिरवता येतो का, दोन मैल चालता येतं का. मी शर्ट घालत नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधीमधीच, बाकी हापसा. बटणाच्या जागी मी ब्लाऊजचे हूक धरले, नळाच्या जागी हापसा. शेवटी रिकामा रकाना होता, त्यात भाकरी लिहू लागले. आज किती थापल्या. भाकर थापायला अख्खा तळहात आणि मनगट लागतं, माझ्या हातांची खरी परीक्षा तीच आहे. बोटं स्क्रीनवर नीट पडायची नाहीत, म्हणून कीबोर्डवरचा माईक दाबून बोलायचे: "आज दोन. तिसरी जावेनं थापली."

नोंद मी मुद्दाम सकाळी करायचे. संध्याकाळी, दुखण्याची गोळी पोटात गेल्यावर केली की आकडा खोटा पडतो.

आठवड्यातून एकदा प्रश्न यायचा: मेथोट्रेक्सेट घेतली का? माझ्या आजाराचं हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. माझा वार रविवार. पण सोमवारी दिवसभर मळमळायचं, आहार शिजवताना वासही सहन व्हायचा नाही. म्हणून मी दोनेक महिन्यांपासून एका आड एक रविवार सोडत होते. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. मॅडमना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, एवढ्या कळकळीनं बघतात, त्यांना काय वाटेल! पहिल्या तीन वेळा मी "हो" दाबलं. चौथ्या रविवारी अंगणात एकटी बसले होते. "नाही" दाबलं. खाली कारण विचारलं होतं, तिथं माईकवर सगळं बोलून टाकलं. बोलता बोलता रडू आलं.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं कळलं. औषध लागू पडत नाही असं समजून मी पुढचं, महागाचं औषध सुरू करणार होते." पुढच्या भेटीत माझे आकडे त्यांच्या कॉम्प्युटरवर होते, आलेखाची रेघ सतरावर जाऊन तिथंच टेकलेली. गोळीऐवजी आठवड्यातून एकदा त्याच औषधाचं इंजेक्शन दिलं, फॉलिक ॲसिड नीट घ्यायला सांगितलं, रक्त आणि लिव्हरच्या तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्या. मळमळ पुरती गेली नाही, पण सोमवारी आता आहार शिजवता येतो.

एक गोष्ट माझ्यासारख्या बायांना कळकळीनं सांगते. ॲपवर लिहिलं म्हणजे डॉक्टरांनी लगेच वाचलं असं नसतं. श्रावणात मला ताप भरला, मी रकान्यात "ताप" लिहून दिवसभर वाट बघत बसले. या औषधानं प्रतिकारशक्ती दबलेली असते, ताप अंगावर काढायचा नसतो. सरळ फोन करायचा होता. ते मॅडमनी नंतर समजावलं, आणि आता तो नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

सोयाबीनच्या काढणीत रेघ पुन्हा वर गेली होती. सध्या सातवर आहे. आज सकाळची नोंद: हूक लागले, हापसा दोन्ही हातांनी, इंजेक्शन काल घेतलं. भाकरी पाच, शेवटच्या भाकरीला डावं मनगट दुखलं.