मोटरहोमच्या छतावरच्या एसीला भिंतीवरचा थर्मोस्टॅट

अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोममध्ये (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) छतावरच्या एसीला आतून दोनच नॉब असतात. एक पंखा आणि कूलिंग निवडायला, दुसरा थंडावा कमीजास्त करायला. या दुसऱ्या नॉबमागचा यांत्रिक थर्मोस्टॅट छतालगतची परतीची हवा मोजतो, झोपायच्या उंचीवरची नाही. त्यामुळे रात्री एकतर हुडहुडी, नाहीतर घाम. शिवाय कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा घरघरत राहतो. म्हणून माझ्या १३,५०० बीटीयूच्या (बीटीयू म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एसीला मी १२ व्होल्ट डीसीचा भिंतीवरचा थर्मोस्टॅट जोडला.

घरगुती थर्मोस्टॅट स्वस्तात मिळतो, पण तो २४ व्होल्टच्या एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेसाठी असतो. ज्याच्या आत ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो तो डीसीवर एकदा चालू झाला की बंदच होत नाही. आत खरा रिले (कॉइलला थोडी वीज दिली की संपर्क जोडणारा स्विच) असलेला आणि स्वतःच्या सेलवर चालणारा चालून जातो. मी सरळ मोटरहोमसाठीचाच घेतला, कारण त्यात पंख्याच्या ‘लो’ आणि ‘हाय’साठी वेगळ्या तारा निघतात आणि कॉम्प्रेसरसाठी तीन मिनिटांचा विलंब असतो.

हा विलंब टाळता येत नाही. कॉम्प्रेसर थांबल्यावर गॅसचा दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला वेळ लागतो. त्याआधी चालू केला तर तो अडकून गुरगुरतो, ६० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि ओव्हरलोड (त्याला वाचवणारा स्विच) ट्रिप होतो. थर्मोस्टॅटमध्ये विलंब नसेल तर कॉम्प्रेसर-रिलेच्या कॉइलच्या तारेत वेगळा टायमर घालावा.

खरी गोम रिलेच्या जोडणीत आहे. १२ व्होल्ट कॉइलचे आणि ३० अँपिअर संपर्कांचे तीन रिले लागतात. २३० व्होल्टची सवय असलेल्यांना हा आकडा अवाच्या सवा वाटेल, पण इथे वीज १२० व्होल्टची, म्हणजे तेवढ्याच कामाला करंट जवळपास दुप्पट.

पहिला रिले पंख्याचा. १२० व्होल्टची फेज आधी यातून जाते. त्याच्या आउटपुटवर दुसरा, वेगाचा रिले: कॉइलला वीज नसताना जोडलेला असणारा संपर्क ‘लो’ला, तुटलेला असणारा ‘हाय’ला. असं केलं की मोटरच्या दोन्ही टॅपना (वेगाच्या तारांना) एकदम वीज जाऊच शकत नाही. गेली तर वाइंडिंग जळतं. तिसरा रिले कॉम्प्रेसरचा, त्यालाही वीज पंख्याच्या रिलेनंतरच. या एसीत एकच मोटर आतला ब्लोअर आणि बाहेरचा कंडेन्सरचा पंखा दोन्ही फिरवते. म्हणून पंख्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू होणार नाही, अशीच रचना हवी.

थर्मोस्टॅटची ‘हाय’ची तार वेगाच्या रिलेला जाते. शिवाय ‘लो’ आणि ‘हाय’ दोन्हींतून एकेक १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घेऊन पंख्याच्या रिलेला जोडले. त्यामुळे कोणताही वेग मागितला तरी पंख्याचा रिले लागतोच. प्रत्येक कॉइलवर आडवा आणखी एक डायोड, पट्टी धन बाजूला. तो उलटा लागला तर फ्यूज उडतो. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर २ अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे.

काम सुरू करण्याआधी बाहेरची केबल काढली, जनरेटर आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केले आणि मीटरने खात्री केली. इन्व्हर्टर लोक हमखास विसरतात. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून आधी फोटो काढून जुन्या सिलेक्टर स्विचवर मीटर लावून ‘लो’, ‘हाय’ आणि कॉम्प्रेसर ओळखून चिठ्ठ्या लावल्या. १२० व्होल्टची जोडणी १२ गेजच्या तारेने, क्रिंप केलेल्या झाकलेल्या टर्मिनलने, धातूच्या डब्यात. १२ व्होल्टच्या तारा त्या डब्यात मोकळ्या सोडू नयेत, मध्ये आडोसा हवा. थर्मोस्टॅटपर्यंत १८ गेजची बहुतारी वायर ओढली. एकतारी वायर गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रूजवळ तुटते.

थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, साधारण पाच फुटांवर, एसीचा झोत आणि ऊन लागणार नाही अशा जागी. मागचं भोक सीलंटने बुजवावं. भिंतीतली गरम हवा तिथून येत राहिली तर आकडा खोटा दाखवतो.

फ्रीझ सेन्सर (बर्फ धरू लागला की कॉम्प्रेसर थांबवणारा) वगळू नका. दमट रात्री ‘लो’ पंख्यावर इव्हॅपोरेटरवर (हवा थंड करणाऱ्या आतल्या जाळीवर) बर्फ धरतो, हवा मंदावते आणि बंद केल्यावर पाणी टपकतं. सेन्सर इव्हॅपोरेटरच्या पत्र्यांमध्ये खोचून कॉम्प्रेसर-रिलेच्या कॉइलशी सिरीजमध्ये जोडला.

चाचणी आधी फक्त १२ व्होल्टवर, एसीचा ब्रेकर बंद ठेवून: रिलेची टकटक ऐकायची, संपर्क मीटरने तपासायचे. मग पंखा, मग कॉम्प्रेसर. क्लॅम्प मीटरवर १२ ते १४ अँपिअर दिसले. पंधरा मिनिटांनी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत १६ ते २२ अंश फॅरनहाइटचा फरक पडला की काम ठीक आहे. कॅम्पग्राउंडवर व्होल्टेज १०४ च्या खाली असेल तर एसी लावूच नये.

पंखा चालतो पण कॉम्प्रेसर येत नाही, तर आधी विलंब संपू द्या, मग फ्रीझ सेन्सर तपासा. कॉम्प्रेसर थांबतच नसेल तर रिलेचे संपर्क चिकटलेत, रिले बदला. याच शक्यतेसाठी जुना यांत्रिक थर्मोस्टॅट मी काढला नाही. तो सर्वांत थंडवर ठेवून कॉम्प्रेसरच्या तारेत सिरीजमध्येच राहू दिला आहे.