दादा म्हणू की ताई?

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की गळ्यातली टेप काढायच्या आत प्रश्न येतो, "तुम्हांला दादा म्हणू की ताई?" फोंड्याच्या वरच्या बाजारात शिवणकाम करताना हे किती वेळा ऐकलं, त्याचा हिशेब नाही. बहुतेक जण अदबीने विचारतात. तुम्हीही तसंच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगायचं आहे.

आमच्या घरात बोलणं कोंकणी, वाचणं-लिहिणं मराठी; गोव्यात अशी घरं पुष्कळ. कोंकणीत लहान मुलीला 'ती' नाही, 'तें' म्हणतात; 'तिला' नाही, 'ताका'. "तें आयलें, तें जेवलें." मुलगी स्वतःही "हांव आयलें" म्हणते. पहिलीत बाईंनी उशिराचं कारण विचारलं तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "मी आत्ताच आलं." वर्ग हसला. बाईंनी फळ्यावर लिहिलं: मुलगा 'आलो', मुलगी 'आले'. बाईंचं काही चुकलं नव्हतं, मराठीचं व्याकरण तसंच आहे. पण घरात ज्या मोकळेपणाने मी बोलत असे, तो शाळेत उरला नाही.

मग वाक्यं वळवायची सवय लागली. 'मी कापड आणलं', 'मी उद्या येईन', यातून मी कोण ते कळत नाही. 'आले', 'बसले' म्हणायची वेळ आली की 'मला यायला उशीर झाला' असं काहीतरी जुळवायचं. वीस वर्षं असं बोलणं म्हणजे काय, ते कसं सांगू? प्रत्येक वाक्याआधी घसा अडतो, आणि लोक म्हणतात, हे माणूस फार अबोल.

थोरल्या दोन्ही बहिणींची लग्नं झाली तशा त्या आईच्या तोंडी 'ती' झाल्या. मी 'तें'च. आज माझी पंचेचाळिशी, केस आखूड, अंगात शर्ट, तरी आई शेजारणीला सांगते, "तें दुकानार गेलां."

चोविसाव्या वर्षी स्वतःसाठी पहिला शर्ट बेतला. पुरुषाच्या शर्टाला बटणं उजव्या पट्टीवर, बाईच्या डाव्या, हे आमच्या धंद्यात आधी शिकवतात. शर्ट शिवून झाला, इस्त्री झाली, आणि काज कुठल्या पट्टीला पाडायचं म्हणून रात्री अकरापर्यंत तो मांडीवर तसाच. शेवटी बटणं उजवीकडे लावली, पण कमरेला बाईच्या कपड्याला घेतात तसे टक्स घेतले. घालून आरशासमोर उभं राहिल्यावर कितीतरी वेळ डोळे पुसत होतो. तो शर्ट कधीच विरला. त्याचा कागदी फर्मा भिंतीवर आहे, माझे सगळे शर्ट त्यावरूनच बेतते.

हो, 'होतो' आणि 'बेतते'. आता वाक्यं वळवत नाही. जे तोंडात येईल ते बोलायचं. दादा म्हणा, ताई म्हणा, मी ओ देईन.

पणजीत शिकणाऱ्या भाचीने मला 'नॉन-बायनरी' हा शब्द सांगितला, म्हणजे स्वतःला नुसतं पुरुष किंवा नुसतं बाई न मानणारं माणूस. त्याने आधार दिला, असं मी एकटंच नाही हे कळलं. तरी रोज तो लावून फिरावंसं मला वाटत नाही. ज्यांना हवा त्यांनी मात्र हक्काने लावावा. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी मान्य केला, 2019 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी कायदा झाला. माझ्या एका मैत्रिणीला कागदावर पुरुषाचं नाव असल्यामुळे एका बँकेत सगळ्यांसमोर उलटतपासणी सोसावी लागली होती. लिंगओळखीचं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र हातात पडलं त्या दिवशी ती दुकानात येऊन माझ्या गळ्यात पडली. नावाची, कागदाची काय गरज, असं तिला मी कोणत्या तोंडाने सांगू?

आईला घेऊन मी अधूनमधून म्हार्दोळला महालसेच्या दर्शनाला जातो. महालसा म्हणजे विष्णूचं मोहिनी रूप. साडी नेसलेल्या या देवीला जानवंही असतं. लहानपणी आईला विचारलं होतं, देवीला जानवं कशाला? "तिचें तें," एवढंच ती म्हणाली आणि हात जोडून उभी राहिली.

मागच्या खेपेला देवळाबाहेर फुलवालीने आईच्या हातात जायांची फांती, म्हणजे जाईच्या फुलांचा गजरा, ठेवली. दुसरी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात थबकला. आई पैसे मोजत होती. तिने मान वर न करताच सांगितलं, "ताकाय दी एक."